हँडलाच्या पोटातली तार

इतवारा बाजाराच्या वळणावर ती मोटरसायकल तशी हळूच चालली होती, तरी घात झालाच. हँडलावरून लोंबणारी तार हार विकणाऱ्या सत्यवतीच्या टोपलीत अडकली आणि शेवंतीच्या हारांसकट टोपली चार हात फरफटत गेली. वरून भोंगा जो वाजायला लागला, तो थांबेचना!

"अवं बाप्पा! डोये कुठी ठेवून आलात, भाऊ?"

तो तरुण गडबडीने उतरला. तार उपटून त्याने भोंगा गप्प केला आणि खाली बसून एकेक हार झटकत टोपलीत ठेवू लागला. सत्यवतीला चांगलं रागवायचं होतं, पण... ग्रीसने काळ्या झालेल्या त्या बोटांत पिवळी शेवंती पाहून तिला हसूच फुटलं.

"माहीच चूक हाये," तो म्हणाला. "पन... भाऊ नोको म्हनू."

"मंग काय म्हनू?"

"पंजाबराव. थ्या समोरच्या शेडात गाड्या दुरुस्त करतो."

सन अडतीसचा हिवाळा होता तो. नागपूरच्या एका साहेबाने टाकून दिलेली ही गाडी पंजाबरावने वर्षभर खपून उभी केली होती. अकोल्याच्या खुशालरावांना कारखान्यात मिस्त्री हवा होता. त्यांचा निरोप आला होता — सोमवारी तुझी गाडी घेऊन ये, हाताचं काम पाहू, मग ठरवू. आणि त्या गाडीच्या तारा अशा लोंबत होत्या! हँडलाची नळी पोकळ असते. तारा तिच्यातूनच न्यायच्या, असं त्याने त्याच दिवशी मनाशी ठरवलं.

बाजारातून घरच्या मळ्याकडे परतताना सत्यवतीची वाट आता रोज शेडावरूनच जाऊ लागली. शनिवारी पाहते तर पंजाबराव सुटं हँडल मांडीवर घेऊन, कपाळाला हात लावून बसलेला.

"काय करून राहिले?"

"हरलो. मधात भोक पाडलं, कानसीनं घासलं. पन वाकनावर तार अडते. दोन दिवस झाले... आता लोंबत्या तारा घेऊनच जातो."

तिने नळीला डोळा लावून पाहिलं. मग पदराच्या टोकाची गाठ सोडून हाराचा दोरा काढला, त्याला काचेचा बारीक मणी बांधला आणि नळीत सोडला.

"तार ढकलू नोका. दोऱ्याले आपल्या मनानं जाऊ द्या. हं, हँडल वाकडं करा... आता इकडं..."

टिचकी मारली की मणी सरकायचा, थांबायचा. दोघांची डोकी एका नळीवर वाकली होती. तिच्या केसांतल्या शेवंतीचा वास आला, तसं पंजाबरावचं हँडल हललं.

"ध्यान कुठी हाये?"

"नयीतच हाये!" तो नळी सावरत म्हणाला.

खुट्ट... मणी भोकाशी आला. तिने आकड्याने दोरा बाहेर ओढला. त्या दोऱ्याला तारा एकापुढे एक बांधायला लावल्या, म्हणजे गाठ जाड होणार नाही. आणि तारा घसराव्यात म्हणून वरून शंखजिऱ्याची गुळगुळीत भुकटी चोळायला लावली. तारा सळसळत आत गेल्या.

मंगळवारी दुपारी मोटरसायकल मळ्याशी येऊन थांबली. सत्यवती आणि तिचे वडील नत्थुजी पालकाच्या जुड्या बांधत होते.

"काम भेटलं," पंजाबराव तिला म्हणाला. "खुशालरावनं हँडल उलटंसुलटं पाह्यलं. म्हने, ह्या तारा कोनं ओवल्या? म्या सांगतलं — सत्यवतीनं."

"माहं नाव? अकोल्यात?"

हजार हार ओवले होते तिने. देवांच्या गळ्यात गेले, नवरदेवांच्या गेले. ओवणारीचं नाव कुणी कधी घेतलं नव्हतं.

"मंग त्यायनं इचारलं, हे सत्यवती तुही कोन?"

"...तुमी काय सांगतलं?"

"म्हनलं, तिले इचारून सांगतो."

ती जुडीचा पाला उगाच नीट करत राहिली.

"सांगा त्यायले," ती अखेर पुटपुटली, "का मीच अकोल्याले येऊन सांगतो. पन आंदी... बाबाले इचारा."

"बाबानं आयकलं," नत्थुजी मान वर न करता म्हणाले. "उद्या मायबापाले घेऊन ये, पोरा."

पंजाबरावने दोन्ही हात जोडले — आधी नत्थुजींना, आणि मग, जरा जास्तच वेळ, सत्यवतीला.