रंगाचं नाव सांगणारं बटन

बंद दार हिरवं आणि उघडं दार लाल, असा नकाशा कुणी काढील का? मंगळावरच्या गेरूवाडी वस्तीत मात्र त्या सकाळी भिंतीवर तसाच नकाशा झळकत होता. काढला होता दहा वर्षांच्या युगंधरानं. धुळीचं वादळ आलं की कोणत्या दारानं आत पळायचं, हे त्यावरून कळे. दोघंजण बंद दारावर जाऊन थडकले. वादळ लहान होतं म्हणून निभावलं.

वस्तीप्रमुख खांबेटेकाकांनी नकाशाचं काम तिच्याकडून काढून घेतलं. यंत्रमानव बिंदूनं वर पुस्ती जोडली की युगंधराचे डोळे सदोष आहेत.

युगंधरा जागची हलली नाही. "डोळे आहेत तसेच राहणार. चूक बटनाची आहे."

तिची कालिंदीआत्या नेत्रतज्ज्ञ, आणि संध्याकाळी कीर्तन करणारी. तिनं सगळ्यांना कचेरीतल्या संगणकापुढे बसवलं. साधनपट्टीवर (पडद्याच्या वर ओळीनं बटनं असतात ती पट्टी) रंगाचं बटन होतं. त्याच्या तळाशी बारीकशी रेघ, तिच्यात शेवटी वापरलेला रंग दिसे. बटन दाबलं की तोच रंग भरला जाई. शेजारचा बाण दाबला की सगळे रंग उघडत. कीर्तनकार फिरून ध्रुवपदावर येतात, तसं हे बटन फिरून त्याच रंगावर येतं, असं आत्यानं सांगितलं.

मग ती डोळ्यांकडे वळली. आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या शंकुपेशी (रंग ओळखणाऱ्या पेशी) असतात. युगंधराच्या एका प्रकारच्या पेशी वेगळ्या आहेत, म्हणून तिला लाल आणि हिरवा सारखेच मातकट दिसतात. त्या रेघेत कोणता रंग बसलाय, हे तिला कळणार कसं?

"मग रंग दुसऱ्या कुणीतरी भरावा," बिंदू म्हणाला.

युगंधरानं खुंटीवरचा वादळी चष्मा काढला. त्याची काच फक्त पिवळा प्रकाश आत सोडायची. तो काकांच्या नाकावर चढवून तिनं त्यांना लाल रंग भरायला सांगितलं. रेघेतला रंग लालच समजून काकांनी मोठ्या ऐटीत बटन दाबलं. नकाशातलं दार हिरवं झालं.

"काका, आता तुमचंही काम काढून घ्यायचं का?"

काकांनी चष्मा कपाळावर सारला, पुन्हा खाली घेतला. वादळात बाहेर प्रत्येकाच्या डोळ्यांवर हीच काच असते, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

आत्या हसून म्हणाली, "कीर्तनात ताल पखवाजही सांगतो, टाळही सांगतात, माझे पायही सांगतात. एक चुकलं तर दुसरं सांभाळून घेतं. देवानं डोळे निरनिराळे दिले, तर बटनानंही तीन तऱ्हांनी बोलावं."

काकांनी नकाशाचं काम तिथल्या तिथे परत देऊ केलं. युगंधरानं नकारार्थी मान हलवली. "आधी बटन, मग नकाशा."

तिनं बिंदूला शेजारी बसवून घेतलं. रेघ जाड झाली, तिच्यावर रंगाचं नाव आलं. लालमध्ये आडव्या रेघा, हिरव्यात ठिपके. नकाशातही तेच उमटू लागलं. चष्मा लावून काकांनी रंगाचं नाव वाचलं, मगच बटन दाबलं, आणि या खेपेला दार बरोबर लाल झालं.

उद्या गुरूच्या चंद्रांवरही वस्त्या होतील. तिथे कुणाचे डोळे कसे असतील, देव जाणे. गेरूवाडीचं बटन मात्र त्या सगळ्यांशी बोलायला तयार आहे.