न सांगितलेली शपथ

"उठा."

बाकावरच्या तरुणाने सँडविचचा घास गालात तसाच धरून वर पाहिलं. केझायाच्या हातात पुस्तकं होती, कपाळावर आठी होती. आठी जरा जास्तच झाली असावी, कारण तो घास गिळायचाच विसरला.

"मी?"

"नाही, तुमच्या मागचं झाड. तुम्हीच! हा बाक आमचा आहे."

"नाव तर दिसत नाही कुठे…"

"पाठ टेकलीत ना, तिथेच आहे. हातभर अक्षरं रंगवलीत."

त्याने वळून पाहिलं. "ग्रीक आहे. मला वाचता येतं. पण 'बसू नये' असं काही लिहिलेलं नाही."

अमेरिकेत, जॉर्जियातल्या त्या जुन्या, कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात नवख्याने करायची एकच मोठी चूक असते, आणि एनॉकने ती पहिल्याच आठवड्यात केली होती. पिकनच्या झाडाखालचा तो बाक आणि भोवतीचं मोरपंखी दगडांचं रिंगण केझायाच्या सोरॉरिटीचं होतं. सोरॉरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव लावणारं मुलींचं मंडळ, पण नुसतं मंडळ म्हणाल तर तिथल्या मुली जीव घेतील. शपथ घेऊन झालेल्या बहिणी त्या, मरेपर्यंतच्या. शपथ न घेतलेल्याने त्या दगडांच्या आत पाऊल टाकायचं नाही. मुलांच्या फ्रॅटर्निट्यांचेही असेच बाक होते. तिथे हा असा बसला असता तर त्याची काय वरात निघाली असती ते सांगायला नको.

"आणि तुम्ही कोण? पहारेकरी?" त्याने विचारलं.

"चॅप्लेन. सभेच्या आधी प्रार्थना मी सांगते. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तर तेही माझ्याकडे."

तो हसला. "प्रार्थना? कुणाची, या अक्षरांची?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! केझाया नुसती पाहत राहिली. त्या पाहण्याने त्याचं हसू मावळलं. तो उठला, दगडांच्या बाहेर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलो. मी… धर्मशास्त्राचा विद्यार्थी आहे. पाद्री व्हायचंय मला. जरा जास्तच बोललो."

"पाद्री व्हायचंय? मग जेवणाआधी प्रार्थना केलीत?"

तो अर्ध्या सँडविचकडे बघत राहिला.

केझायाने डोळे मिटले. "हे प्रभो, या माणसाच्या उरलेल्या सँडविचला आशीर्वाद दे. आणि जमलं तर… त्याच्या जिभेलाही."

"आमेन," एनॉक अगदी मनापासून म्हणाला. त्या 'आमेन'ने केझायाची आठी गेली ती गेलीच.

पुढच्या मंगळवारी तो आला तो उकडलेल्या शेंगांचा पुडा घेऊन. दगडांच्या बाहेर गवतावर बसला. ती आत, बाकाच्या टोकाला. मध्ये ते मोरपंखी दगड, आणि दगडांवर शेंगांची टरफलं. तिसऱ्या मंगळवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. पाचव्या मंगळवारी त्याने शेंग सोलून तिच्या तळहातावर ठेवली. बोटं जरा रेंगाळली… आणि दोघंही एकदम हवामानाबद्दल बोलू लागली.

"आत ये म्हटलं तर येशील?" एकदा तिने गमतीने विचारलं.

"तू म्हणणार नाहीस," तो म्हणाला. "म्हणूनच तर रोज यावंसं वाटतं."

तिने त्याला मिस व्हर्बिनाबद्दल सांगितलं. ती त्याच्याच चर्चमधली, पण ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. केझाया पहिल्या वर्षाला असताना तिची आई गेली. तेव्हा ती कुणाची बहीणबिहीण नव्हती, वसतिगृहातली एक मुलगी नुसती. तरी वरच्या वर्गातल्या, सोरॉरिटीच्या तिघी जणी चार तास गाडी चालवून अंत्यविधीला आल्या, आणि त्यांच्याबरोबर ऐंशी पार केलेली मिस व्हर्बिना, त्याच सोरॉरिटीतली जुनी बहीण. म्हातारी आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली आणि लोकांच्या खरकट्या बश्या विसळू लागली. केझाया तिच्याजवळ जाऊन म्हणाली होती, मला प्रार्थनाच करता येत नाहीये, देव कुठे गेलाय कळत नाही. मिस व्हर्बिनाने मागे वळूनही पाहिलं नव्हतं. "नसेल जमत तर राहू दे, पोरी. तुझ्या वाटची मी करते. तू बश्या पूस."

"म्हणून मी शपथ घेतली," केझाया म्हणाली. "मला देव परत मिळाला तो या बायकांमुळे."

एनॉक म्हणाला, "आणि मला तू मिळालीस. तेही त्यांच्याच बाकामुळे." हे प्रेम आहे हे दोघांनाही त्या दिवशी पुरतं कळून चुकलं. म्हणायचं तेवढं राहिलं.

पण एनॉकच्या घरी दुसरंच वारं होतं. त्याला वाढवलं होतं त्याच्या मामाने, पास्टर हॉलिसने, आणि पास्टर हॉलिसच्या चर्चमध्ये त्या हिवाळ्यात नवीनच सुरू झालं होतं. दर रविवारी कुणीतरी मुलगा फ्रॅटर्निटीचं जॅकेट घेऊन पुढे यायचा, कुणी मुलगी सोरॉरिटीचा बिल्ला. वेदीपुढे ठेवायचं, 'मी ही शपथ टाकली' म्हणायचं, आणि सगळं चर्च उभं राहून टाळ्या वाजवायचं. देवाखेरीज कुणापुढे घेतलेली शपथ म्हणजे मूर्तिपूजा, असं पास्टरचं म्हणणं होतं.

फेब्रुवारीत एनॉक आला तो शेंगा न घेता.

"ईस्टरला मामा माझ्या डोक्यावर हात ठेवून मला पाद्रीपदाची दीक्षा देणार आहेत," तो म्हणाला. "मी… त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं."

"मग?"

"ते म्हणाले, लग्न कर, आनंद आहे. फक्त तिने आधी पुढे येऊन शपथ टाकावी."

केझाया हसली नाही. "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं…" तो अडखळला. "तू एवढंच सांग, शपथ कुणापुढे घेता? काय म्हणता? एक वाक्य सांग, केझाया. मामांना मी समजावतो. मग कुणाला काही टाकावं लागणार नाही."

एक वाक्य! ते तिच्या जिभेच्या टोकावर होतं. त्या शपथेत देवाला लाज वाटेल असं एक अक्षर नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. सांगितलं की मामा गप्प, लग्न ठरलं, सगळं गोड. पण ती शपथ बाहेरच्याला न सांगण्याचीच शपथ होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"एनॉक, लग्नाच्या वेळी तुझ्यापुढेही मी शपथच घेणार ना?"

"हो…"

"मग शपथ मोडायची सवय असलेली बायको कशाला हवी तुला?"

"माझा तुझ्यावर विश्वास आहे, पण—"

"हा 'पण' आला की विश्वास कुठे राहतो?" ती म्हणाली. ती उठली आणि वर्गाकडे चालू लागली. तीन मंगळवार तो आला नाही. तीन मंगळवार ती त्या बाकावर एकटी बसली, आणि रडायचं नाही असं ठरवून दर वेळी थोडी रडली.

मार्चमध्ये मिस व्हर्बिना गेली.

तिला मूलबाळ नव्हतं. होत्या त्या बहिणी, एकोणीस वर्षांच्या पोरींपासून ऐंशीच्या बायकांपर्यंत. साठ वर्षं ती पास्टर हॉलिसच्या चर्चची सभासद होती, खुद्द पास्टरला तिने लहानपणी बायबलच्या गोष्टी शिकवलेल्या. तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं : दफनाच्या आदल्या संध्याकाळी माझ्या चर्चमध्ये, माझ्या शवपेटीपाशी, माझ्या बहिणींनी आपला विधी करावा.

तो विधी चॅप्लेनने सांगायचा असतो. मेलेल्या बहिणीने घेतलेली शपथ तिच्या उशाशी पुन्हा एकदा म्हणायची, आणि ती पुरी झाली असं सांगून तिला मोकळं करायचं. बाहेरचं कुणी तिथे नसतं. केझाया पास्टरची परवानगी मागायला गेली.

पास्टर हॉलिसने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. रागावला नाही, ते जास्त जड गेलं.

"माझा धाकटा भाऊ होता, पोरी. एका फ्रॅटर्निटीत शिरायला गेला. बंद दारामागे मुलांनी त्याला इतकं मारलं की तो सकाळी उठलाच नाही. नऊ मुलं होती त्या खोलीत. शपथ घेतली होती म्हणून एकानेही तोंड उघडलं नाही. माझी आई मरेपर्यंत विचारत राहिली, काय झालं रे त्या खोलीत?"

केझायाने हातातला पेला खाली ठेवला.

"मिस व्हर्बिनाचा शब्द मी मोडणार नाही," तो म्हणाला. "करा विधी. पण माझ्या छपराखाली बंद दारामागे शपथा नकोत. एनॉक आत बसेल. काय म्हणता ते ऐकेल आणि मला सांगेल. चालेल तर बघा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस लागला होता. पांढऱ्या कपड्यांतल्या चाळीसेक बायका शवपेटीभोवती उभ्या राहिल्या. दुपारी केझायाने त्यांना पास्टरची अट सांगितली तेव्हा कुणी म्हणालं परत जाऊ, कुणी म्हणालं रस्त्यावर करू. शेवटी सर्वांत थोरली बहीण म्हणाली होती, "चॅप्लेन ठरवेल." आता सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

शेवटच्या रांगेत एनॉक बसला होता. काळा सूट, गुडघ्यांवर हात. तीन आठवड्यांनी ती त्याला पाहत होती. वाळला होता.

केझायाने बायबल उघडलं. मिस व्हर्बिनाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि तिच्या मनात आलं, म्हणून टाकावं! आपण सांगितलं असं थोडंच होणार आहे? तो ऐकेल. ऐकलं की त्याला कळेल यात काही वाईट नाही. मामाला कळेल. ईस्टरला दीक्षा, जूनमध्ये लग्न. मिस व्हर्बिना तर काही उठून बोलणार नव्हती.

पण शब्द येईना. कितीतरी वेळ छपरावरचा पाऊस तेवढा वाजत राहिला. मग तिने बायबल मिटलं.

"मिस व्हर्बिना," ती शवपेटीकडे वाकून म्हणाली, "मला माफ करा. मला जमत नाही." डोळे गळत होते, ते तिने पुसलेही नाहीत.

मागे बाक करकरला. एनॉक उभा राहिला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं… मग दाराशी गेला, पावसात बाहेर पडला आणि दार स्वतःच्या हाताने घट्ट ओढून घेतलं.

थोरल्या बहिणीने केझायाच्या पाठीवर हात ठेवला. "सांग, बाळा."

आणि केझायाने सांगितलं. पहिले शब्द कापले, पुढचे कापले नाहीत. चाळीस बायकांनी ते तिच्यामागून म्हटले, आणि मिस व्हर्बिना मोकळी झाली.

दार उघडलं तेव्हा तो पायऱ्यांवरच उभा होता, दाराकडे पाठ करून. सुटातून पाणी निथळत होतं.

"काय ऐकलंस?" तिने हळूच विचारलं.

"पाऊस."

तेवढ्यात पास्टर हॉलिस छत्री घेऊन समोर आला. भाच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू बाहेर?"

"हो, मामा."

"काय म्हणाल्या त्या?"

"माहीत नाही."

"तुला ऐकायला बसवलं होतं मी."

"हो. पण ऐकल्यावर माझा विश्वास बसला असता, तर त्यात माझं काय राहिलं असतं?" एनॉकचा आवाज पडला होता, पण थांबला नाही. "धाकटे मामा गेले त्या खोलीत काय झालं ते आपल्याला कधी कळणार नाही. त्याचं मलाही दुःख आहे. पण ही ती खोली नव्हती. आत कोण उभं होतं ते मला माहीत आहे. तेवढं मला पुरे आहे."

पास्टरने हात पुढे केला. चर्चच्या किल्ल्या मागायला. एनॉकने त्या खिशातून काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"ईस्टरला तुझ्या डोक्यावर हात ठेवायचं मला जमणार नाही, बाळा," म्हातारा म्हणाला. "या वर्षी तरी नाही." त्याचे डोळे भरले होते. छत्री मात्र त्याने भाच्याच्या हातात दिली, आणि स्वतः भिजत गाडीकडे गेला.

बहिणी एकेक करत पायऱ्या उतरू लागल्या. कुणी त्याच्या खांद्यावर थोपटलं, कुणी नुसतं पाहिलं. शेवटी दोघंच राहिली. छत्री अजून उघडायची राहिली होती.

"फार गेलं तुझं," केझाया म्हणाली.

"गेलं." त्याने मान हलवली. "मोठं गेलं. मला उद्या फार दुखेल, आज कळत नाहीये. पण केझाया… मी तुझ्यावर प्रेम करतो. हे आधीच म्हणायला हवं होतं. त्या 'पण'च्या ऐवजी."

तिने त्याचा ओला हात दोन्ही हातांत घेतला. बहिणी गाड्यांच्या काचांतून बघत होत्या, बघू देत.

"उद्या दफनाला येशील ना?"

"येईन. मागे कुठेतरी उभा राहीन. मामांना अवघड नको."

"मागे नाही. पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी."

"पहिली रांग घरच्यांची असते, केझाया."

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच सांगतेय."