पाच खळग्यांचे स्मृतिचिन्ह

वाचकहो, सन १९७८ साली पिंपरीच्या कामगार वाचनालयात एका थोर भूशास्त्रज्ञाचा सत्कार झाला. त्या प्रसंगाचा वृत्तांत, पदरचे काही न घालता, येथे सविनय सादर होत आहे.

डॉ. उद्धवराव चांदगुडे यांनी ज्वालामुखी आणि लाव्हारसाचे रसायन यांच्या अभ्यासात चाळीस वर्षे वेचली होती. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह हा वाचनालयाचा रिवाज. स्मृतिचिन्हाची जबाबदारी चिटणीस ज्ञानदेवावर आली. तो कंपनीत ग्राइंडिंग मशीनवर होता. लाव्हाच्या अभ्यासकाला लाव्हाचाच पाषाण द्यावा, असे त्याच्या मनाने घेतले. मोशीच्या खाणीतून त्याने काळा दगड आणला, कापून दोन तुकडे केले आणि दोन्ही आरशासारखे घासले. एक सत्काराला, दुसरा पत्नी कस्तुराला चटणी वाटायला.

दुसऱ्या दिवशी सत्काराच्या दगडावर पाच खळगे होते.

अध्यक्ष सोपानराव कडाडले, "आरं, ह्यो दगड हाय का देवी आलेलं तोंड? रविवारपातुर बुजव, न्हाईतर चिटणीसपद दत्तोबाला!"

ज्ञानदेवाने खळग्यांत रंगाऱ्याची लांबी भरली. सकाळी पाच गोळ्या टेबलावर ओळीने पडलेल्या. त्याने सिमेंट भरले. पुन्हा पाच गोळ्या; चौथी दोन्ही वेळा निम्मीच.

रविवारी त्याने दगड शालीखाली झाकूनच व्यासपीठावर नेला.

"हा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवला," असे सांगत डॉक्टरांनी शाल सारली व दगडावर हात ठेवला.

पाचही बोटे खळग्यांत बसली.

डॉक्टरांच्या अनामिकेचे पेर तरुणपणी प्रयोगशाळेत तुटले होते. चौथा खळगा तेवढाच उथळ होता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सोपानराव ज्ञानदेवाच्या कानाशी लागले, "पठ्ठ्या, माप कवा घेतलंस रं?"

डॉक्टर हात काढीनात.

"उन्हात ठेवला होता का?" त्यांनी हळूच विचारले.

"न्हाई, साहेब."

"मग गरम कसा?" त्यांनी आवाज आणखी उतरवला. "कुणाला सांगू नका. चाळीस वर्षं मी तो निवलाय म्हणून शिकवतोय."

चिटणीसपद राहिले. ज्ञानदेव छाती काढून घरी आला. कस्तुरा चटणी वाटत होती.

"अवो, काल ह्यो दगड गुळगुळीत व्हता. आज खळगं पडल्यात. माजी बोटं बसत न्हाईत. तुमी हात ठिवा बगू."

ज्ञानदेवाने हात खिशातच ठेवला. वाकून पाहिले.

खळगे पाच होते. त्यांतले दोन निम्मेच.

ज्ञानदेवाची दहाही बोटे धड होती. सोमवारी सकाळी ग्राइंडिंग मशीनवर त्याची शिफ्ट होती.

येथवर सोबत केलीत, याबद्दल वाचकांचा ऋणी,
भीमराज शेलवंते, निगडी.