संस्थापकांची तसबीर

वाढप्याच्या मुलीच्या पत्राला फौजदारांनी उत्तर दिलं नव्हतं. "बाबांवर चोरीचा आळ आलाय. नोकरीबरोबर राहती खोलीही जाईल. ते मालकांविरुद्ध तोंड उघडणार नाहीत," असं तिनं सासरहून लिहिलं होतं. पोकळ धीर देणं फौजदारांना जमत नसे. ते थेट हॉटेलवर गेले.

साहेबांच्या राजवटीतलं ते हॉटेल अजून त्याच तोऱ्यात उभं होतं. दर्शनी संगमरवर, आत पोपडे. भोजनगृहातून संस्थापकांची तसबीर नाहीशी झाली होती, आणि किल्ली म्हाताऱ्या वाढप्याकडे असे.

"हॉटेल उघडलं त्या दिवसापासून तसबीर इथंच होती," मालक मिशी कुरवाळत म्हणाले. "उद्या शतकमहोत्सव. संस्थापकांची सख्खी नात पहिल्यांदाच येतेय. तिला काय तोंड दाखवू?"

फौजदार वाढप्याकडे वळले. "दादा, तसबीर कधीपासून होती?"

"मालक म्हणतील तेव्हापासून."

"भिंतींना रंग कधी दिलात, मालक?"

"छे! जुनेपणाचेच तर पैसे घेतो आम्ही. वडिलांच्या काळापासून कुंचला लागलेला नाही."

"दिसतंच आहे." फौजदारांनी नाक मुरडलं. "दादा, शेजारचं ते शिकारीचं चित्र उतरवा बरं."

चित्राखाली चौकटीएवढी भिंत पांढरीशुभ्र निघाली. तसबिरीच्या जागी मात्र आजूबाजूइतकीच काळपट होती.

"इतकी वर्षं तसबीर इथं असती, तर तिच्यामागची भिंत अशी काळवंडली असती का? तुम्ही ती परवापरवा लावलीत. जुन्या बाजारातून कुणाचा तरी म्हातारा उचलून आणलात आणि पाहुण्यांना त्याच्यापुढे वाकायला लावलंत. सख्खी नात येतेय म्हटल्यावर घाम फुटला. ती बघताक्षणी म्हणाली असती, 'हे कोण?' मग म्हातारा लपवलात आणि चोरी या माणसाच्या माथी मारलीत."

"पुरावा काय?"

"तुमच्या खोलीची झडती घेऊ?"

मालकांचा हात मिशीवरून खाली आला. "कपाटामागे आहे. जाळणारच होतो, पण चौकट सागवानी..."

"संस्थापक उसने, पण चौकटीवर जीव!" वाढपी म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून दचकला.

मालकांना बरोबरच्या शिपायाच्या स्वाधीन करून फौजदारांनी हॉटेलच्याच सोनेरी कडेच्या कागदावर लिहिलं, "पोरी, तुझे बाबा खोलीतच राहतील. आज ते मालकांसमोर बोलले."

पाकीट त्यांनी कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं.