डावीकडचा ब्रेक

ए, त्या गाडीला टेकून बसू नकोस. कुणाची का असेना. इकडे ये, पायरीवर. हां. आता गप्प बसणार असाल तर सांगतो. थापा वाटत असतील तर आत्ताच उठा, मध्येच खी-खी चालायची नाही.

मागल्या साली, सोळा जानेवारी, वार गुरुवार. आमच्या गल्लीतला चष्मेवाला रात्री सव्वाआठला गॅरेजवाल्याला आणायला घराबाहेर पडला. काम एवढंसंच. दारातली गाडी दहा हात मागे ढकलायची.

गाडी शेजारच्या मास्तरांची. मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे. शिकवायची गाडी असते ना, तिला डावीकडेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाखाली. मास्तरांच्या दारात विजेचा खांब, म्हणून चष्मेवाल्यानेच मोठ्या मनाने सांगितलं होतं, "माझ्या दारात लावा की मास्तर, माझ्याकडे कुठे गाडी आहे?" त्याची बायकोही त्यांच्याकडेच शिकली. बाई बुटक्या. मास्तर त्यांच्यासाठी सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढायचे आणि वर चिडवायचे, "वहिनी, स्टिअरिंग चावू नका!" त्यांचा एकच नियम होता. शिकणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "आरसा बघितला, मास्तर. मागे कोणी नाही." त्याशिवाय मास्तर ब्रेकवरचा पाय काढत नसत. मग मागून हॉर्न वाजोत की शिव्या पडोत.

मास्तर जाऊन तीन वर्षं झाली, गाडी आपली तिथेच. टायर बसले, बॅटरी कुणीतरी लांबवली, काचांवर बोटभर धूळ. तोवर चाललं. पण त्या जानेवारीच्या आदल्या उन्हाळ्यात बाईंची डावी बाजू लुळी पडली. चाकाची खुर्ची आली. दाराला तीन पायऱ्या, म्हणून चष्मेवाल्याने बाजूने सिमेंटचा उतार करून घेतला. जागा तेवढीच होती, आणि तिच्या तोंडाशीच ही गाडी. उतार आधी करू, गाडी काय आज ना उद्या हलेल, असं म्हणाला. भोळा माणूस!

एकदा गल्लीतल्या दोघांनी बाईंसकट खुर्ची उचलून पायऱ्या उतरायला घेतल्या. तोल गेला, बाई आपटल्या. त्यानंतर त्यांनी खुर्ची कुणाला उचलू दिली नाही. आठ महिने खिडकीत बसून काढले.

"गल्लीच्या टोकापर्यंत न्या हो मला," म्हणायच्या. "एकदाच. मग काही मागणार नाही."

बिचाऱ्याने काय कमी खटपट केली? मास्तरांचा मुलगा परगावी. फोनवर म्हणाला, "काका, बाबांची आठवण आहे ती. हलवू नका हं." पालिकेच्या कचेरीत गेला तर तिथला कारकून विचारतो, "गाडी कुणाच्या नावावर?" "मास्तरांच्या." "मग त्यांना घेऊन या." "ते गेले हो." "कुठे?" हसताय काय? ह्याला तिथे रडू कोसळलं होतं.

शेवटी म्हणाला, खड्ड्यात गेली परवानगी. त्या गुरुवारी आठ वाजता बायकोला खिडकीशी बसवलं, पायांवर शाल टाकली.

"आज काढतोच बघ," म्हणाला.

"ऐकलंय हे," ती म्हणाली. एवढंच.

पावणेनऊला गॅरेजवाल्याला घेऊन परतला. रस्त्यावरून तिला हात केला. तिने केला नाही. रुसली असेल, असं वाटलं त्याला.

गॅरेजवाल्याने तारेने दार उघडलं. माणूस ताडमाड. सीट पार मागे सारून बसला, हँडब्रेक सोडला, गिअर काढला. टायरमध्ये हवा भरली. जॅक लावून चाकं फिरवून बघितली, मस्त फिरली. गाडी खाली घेतली आणि दोघांनी पुढून रेटा दिला. मागे उतरता रस्ता, खरं तर नुसत्या बोटाने जायला हवी.

ढिम्म.

पुन्हा रेटली. घाम फुटला, पण गाडी तसूभर हलेना. गॅरेजवाला वैतागून बाजूला झाला आणि एकदम थबकला.

"मालक… मागे कडेची भिंत लाल का दिसतेय?"

गाडीचे मागचे दिवे लागले होते. ब्रेकचे. बॅटरी नसताना. बॉनेट उघडून मघाशीच दोघांनी बघितलं होतं.

चष्मेवाल्याने उघड्या दारातून टॉर्च मारला. डावी सीट रिकामी. टॉर्च खाली नेला…

डावीकडचा ब्रेक तळापर्यंत दाबलेला होता.

गॅरेजवाल्याची पाचावर धारण बसली. तो भिंतीला चिकटला. चष्मेवाला मात्र पळाला नाही. पळून जाणार कुठे? त्याने काचेसमोर हात जोडले.

"मास्तर… सोडा हो. तिला बाहेर न्यायचंय."

काही नाही.

"मीच दिली ना जागा तुम्हाला? मास्तर…"

काही नाही. तो बॉनेटवर डोकं टेकून रडायला लागला. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

आणि खिडकीतून आवाज आला. स्वच्छ.

"आरसा बघितला, मास्तर. मागे कोणी नाही."

लाल दिवे विझले.

गाडी हलली. आपोआप. हळू… सरळ… कुणीतरी नीट धरून नेल्यासारखी. बरोबर दहा हात मागे गेली. दिवे एकदा लागले. गाडी थांबली. दिवे विझले.

उतार मोकळा!

चष्मेवाला धावत आत गेला. हसत होता, वेड्यासारखा. "अगं निघाली! चल, चल लवकर!"

शाल पायांवर तशीच होती. मान खांद्यावर कललेली. त्याने हात धरला…

गार.

डॉक्टर आले. "तास तरी होऊन गेलाय," म्हणाले.

"नाही हो. आत्ता बोलली ती. यानेही ऐकलं. विचारा ना!"

डॉक्टरांनी गॅरेजवाल्याकडे बघितलं. त्याने नुसती मान हलवली. हो म्हणून.

सकाळी तिला त्याच उतारावरून बाहेर नेलं. उतार छान झाला होता, जरासुद्धा धक्का बसला नाही. गल्लीच्या टोकापर्यंत चष्मेवाल्याने खांदा बदलू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी तो गाडीचं दार लावायला गेला. त्या रात्री उघडंच राहिलं होतं. आत वाकला आणि तसाच उभा राहिला. गॅरेजवाल्याने पार मागे सारलेली ती सीट…

पुढे ओढलेली होती. शेवटच्या खाचेपर्यंत.