हळदीच्या गाण्याचा दुसरा कट

"माह्या पोरीनं मागच्या महिन्यात जीव देला, ताई," किसनराव म्हणाले. "हे क्लिप कोनं बनवली, तेवढं मले सांगा."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. किसनरावांची हिवरखेडला झेंडूची शेती होती. खासगी तपासनीस साधना भुयारचं नाव कुणाकडून तरी ऐकून ते अमरावतीला आले होते.

साधनाने क्लिप पाहिली आणि शेजारी बसलेल्या सूर्यभानकडे दिली. सूर्यभान निवृत्त हवालदार. तो तिच्या कामात हाताखाली असे. चष्मा घरी विसरला होता, तरी त्याने फोन हातभर लांब धरून सगळं वाचलं.

"पिवळ्या अक्षरात पोरीचं नाव, बापाचं नाव, गाव," तो म्हणाला. "कोन्यातरी टवाळ पोराचं काम हाय, ताई."

क्लिपमध्ये हळदीच्या साडीत नाचणारी किसनरावांची करिश्मा. चित्र आडवं, चाल संथ. कॅमेरा कमरेवर रेंगाळायचा, मग चेहऱ्यावर येऊन थांबायचा. चेहऱ्याभोवती लाल गोल. गाण्याचा आवाज जवळजवळ नव्हताच.

"पहिल्यांदा कुणाला आली?"

"खुशालराव गुरुजीले. अकोल्याले राह्यतात. त्यायच्या पोरासंग, रोहितसंग, करिश्माचं लग्न जमलं होतं. क्लिप आली अन् त्यायनं सोयरीक मोडली. मंग गावभर झाली. पोलिसाले नंबर भेटला, पन सिम दुसऱ्याच्याच नावाचं निंगालं."

*

करिश्मा ज्या हळदीच्या गाण्यात नाचली होती, ते चित्रित करणाऱ्या गजेंद्रचा स्टुडिओ अकोल्यात जठारपेठेत होता. क्लिपचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला.

"गानं मी अजून यूट्यूबवर सोडलंच नाही, मॅडम. आता सोडू कसं?"

"ही क्लिप तुमच्या गाण्यातली नाही?"

"चित्रीकरण माहं हाय. कट माहा नाही." त्याने संगणकावर मूळ गाणं लावलं. "हे बायकांसाठी केलेलं. लग्नाघरी वाजते. म्हनून चेहरे, साड्या, दागिने, मांडवातलं हसू-रडू. पोरांसाठी रील करतो तवा फोनसारखं उभं करतो. पयल्या झटक्यात ठेका, दर ठोक्याले कट. जरा रेंगाळलं की पोरगा अंगठ्यानं वर सरकवते. आमचं पोट याच्यावरच हाय. कोन पाहनार हे आधी ठरते, कॅमेरा मंग लागते."

"न कापलेलं चित्रीकरण कुणाकडे आहे?"

"माह्यापाशी. अन् करिश्माले पेन ड्राइव्हवर देलं होतं. आपल्या मानसाले दाखवाचं म्हने."

तेही त्याने दाखवलं. नाच संपला होता. करिश्मा मांडवाच्या खांबाला टेकली, गालावरची हळद मनगटाने पुसली आणि कॅमेऱ्याकडे पाहून जीभ काढून हसली.

"हे गान्यात नाही घेतलं," गजेंद्र म्हणाला आणि त्याने पडदा बंद केला.

गाडीतून साधनाने करिश्माच्या आईला, पार्बताबाईंना फोन लावला. पेन ड्राइव्ह घरात कुणी पाहिला नव्हता. तसं काही होतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

गाण्यात करिश्माबरोबर नाचलेला अमोल कापडाच्या दुकानात भेटला.

"मी तिले लग्नाचं विचारलं होतं. ते नाही म्हने," त्याने स्वतःच सांगितलं. "म्हनून समदे माह्यावरच संशय घेतात. पन मले तिले बदनामच कराचं असतं, तं पोरायच्या ग्रुपवर टाकली असती. कोन्या म्हाताऱ्या गुरुजीले काहून पाठवू?"

"याच्या डोळ्यात पानी नाही," बाहेर आल्यावर सूर्यभान म्हणाला. "मले हाच वाटते."

साधनाने गाडी रोहितच्या ऑफिसकडे घ्यायला सांगितली.

रोहित विमा कंपनीत कामाला होता. तो ऑफिसबाहेर येऊन पायरीवर बसला. त्याचे डोळे सुजले होते.

"गाणं तुम्ही पाहिलं होतं?"

"नाही. क्लिपच पाहिली, ते बी बाबाच्या फोनवर. अर्धीच." त्याने तोंडावरून हात फिरवला. "झोप येत नाही, मॅडम. गालाले हळद, अन् जीभ काढून हसून राहिली, तेच दिसते."

*

दुसऱ्या दिवशी खुशालरावांच्या बैठकीत रोहित, गजेंद्र, अमोल असे सगळे जमले. किसनराव दाराजवळच्या खुर्चीत बसले होते.

"गुरुजी, चष्मा काढा आणि ही क्लिप पाहा," साधना म्हणाली.

खुशालरावांनी फोन लांब धरला. "पाहिली आहे मी."

"नाव वाचता येतं?"

"येतं."

"काल चष्मा नसताना सूर्यभानलाही आलं. तो म्हणाला, टवाळ पोराचं काम. पण पोरांसाठीचं चित्र उभं असतं, पळतं, आदळतं. हे आडवं आहे, हळू आहे, चेहऱ्यावर थांबतं, म्हणजे ओळख पटावी. ठेका काढून टाकलाय. अक्षरं ठळक. हे साठी ओलांडलेल्या माणसासाठी कापलंय. तुमच्यासाठी, गुरुजी. फक्त तुम्हाला पटावं म्हणून."

साधनाने गजेंद्र आणि अमोलकडे पाहिलं.

"गजेंद्रला गाणं चालायला हवं होतं. त्याने असं कापलं असतं तर त्याचाच धंदा बुडाला असता. अमोलला सूड घ्यायचा असता तर त्याने गावाला दाखवलं असतं. तुमच्या एकट्याच्या मनावर कुणाचं भवितव्य अडलं होतं? ज्याला हे लग्न नको होतं, आणि तुम्हाला तसं सांगायची ज्याची छाती नव्हती, त्याचं." ती रोहितकडे वळली. "जीभ काढून हसणारी करिश्मा क्लिपमध्ये नाही. गाण्यातही नाही. ती फक्त न कापलेल्या चित्रीकरणात आहे. ते तिने आपल्या माणसाला दिलं होतं. घरच्यांना नाही. तुम्हाला. आणि तुम्ही मला सांगितलंत की क्लिपशिवाय काही पाहिलं नाही."



"माहं दुसरीकडे होतं," रोहित म्हणाला. "बाबासमोर तोंड उघडत नव्हतं. मले वाटलं, बाबा मोडतील, तिचं दुसरीकडे जमंल. मी फक्त बाबालेच पाठवली. गावात कशी गेली, मले खरंच माहीत नाही."

"मी पाठवली," खुशालराव म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"लग्न का मोडलं, लोक विचारत होते. कारण द्यावं लागत होतं. चार नातेवाइकांना पाठवली." त्यांनी फोन साधनाच्या हातात दिला.

साधनाने पोलीस ठाण्यात फोन केला. रोहितला घेऊन जाईपर्यंत किसनराव दाराजवळच बसून होते. शिक्षा किती होईल, हे त्यांनी विचारलं नाही.

बाहेर गाडीपाशी ते थांबले.

"ताई, पूर्न गानं तुमच्यापाशी हाय का?"

गजेंद्रने दिलेलं गाणं साधनाने लावून दिलं. मांडव, बायका, झेंडूच्या माळा, मधोमध हसणारी करिश्मा. किसनरावांनी ते शेवटपर्यंत पाहिलं.

"ते म्हनत होती, बाबा, पूर्न गानं पाहा, मंग बोला. म्या नाही पाहिलं. शेवटी शेवटी तिच्यासंग बोललोच नाही." त्यांनी मान वर केली. "यात वाईट काय होतं?"

 सूर्यभानने त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडलं, पण किसनराव तिथेच उभे राहिले.