नऊ फसला, अकरा नाही

संख्या तपासली तर बरोबर निघत होती, तरी भुंगा काही जागा होईना. असं कसं?

भुंगा म्हणजे चंद्रावर बर्फ शोधणारी सहा चाकांची गाडी. ती एका काळोख्या विवरात (खोल खड्ड्यात) झोपी गेली होती आणि थोड्याच वेळात तिची बॅटरी गारठून कायमची बंद पडणार होती. तिला उठवायला एक गुप्त संख्या लागे. ती दोनदाच देता येई, आणि त्यातली एक संधी विवराच्या काठावरच्या चांद्रतळावर बसलेल्या शाल्मलीनं घालवली होती. पृथ्वीवरून रेडिओवर संख्या सांगणाऱ्या भागवतकाकांशी संपर्कही तुटला होता, कारण निरोप पोचवणारा उपग्रह क्षितिजाखाली गेला होता.

पडद्यावर ७४६२५१३८ दिसत होतं. शाल्मलीचे डोळे भरून आले.

"रडून बॅटरी तापत नाही गं," नंदाआत्या म्हणाली. भुंगा तिनंच बांधला होता. "आमच्या अशा प्रत्येक संख्येला नऊनं आणि अकरानं पूर्ण भाग जातो. चूक पकडता यावी म्हणून."

नऊची कसोटी शाल्मलीला येत होती. दहाला नऊनं भागलं की बाकी (भागून उरते ती संख्या) एक. शंभराला, हजारालाही एकच. म्हणून नुसती अंकांची बेरीज करायची. ती आली छत्तीस. नऊ चोक छत्तीस.

"बघ, बरोबर आहे."

"दोन अंकांनी जागा बदलल्या तर बेरीज बदलेल का?"

शाल्मलीनं दोन अंक उलटवून पाहिले. बदलणारच नाही.

"अकरा एवढा भोळा नाही," आत्या म्हणाली. "दहा हे अकरापेक्षा एकनं कमी, शंभर हे नव्व्याण्णवपेक्षा एकनं जास्त, हजार पुन्हा अकराच्या पटीहून एकनं कमी. म्हणून अंक एकाआड एक दोन गटांत टाकायचे. बेरजांतला फरक शून्य किंवा अकराची पट हवा."

सात, सहा, पाच, तीन मिळून एकवीस. चार, दोन, एक, आठ मिळून पंधरा. फरक सहा! चोर सापडला होता, आता त्याचं घर शोधायचं.

काकांनी संख्या दोन-दोन अंकांच्या जोड्यांत सांगितली होती. एखादी जोडी उलटी पडली असेल, तर ती सुलटी करताना सहाचा फरक मिटायला एका गटातून तीन जायला हवेत आणि दुसऱ्यात तीन यायला हवेत. बासष्ट? त्यात चारचा फरक. एक्कावन्नमध्येही चारच. अडतीसमध्ये पाच. चौऱ्याहत्तरमध्ये मात्र तीन.

"आत्या, काका सत्तेचाळीस म्हणाले होते! वहीत मी आधी सात लिहिते, मग त्याच्या डावीकडे चार. घाईत पहिल्या जोडीला बटणंही तशीच दाबली. पुढे सावरले."

"मग आता तूच दाब."

शाल्मलीनं डावीकडून एकेक अंक दाबला. ४७६२५१३८. पडद्यावरच्या काळोखात दोन दिवे लागले, आणि विवराच्या तळाशी बर्फ लखलखला. उद्याच्या चांद्रगावाचं पाणी होतं ते.

शाल्मलीनं आत्याला घट्ट मिठी मारली. मग तशीच, तिच्या खांद्यावरून तिनं विचारलं, "तेराचीही कसोटी असते का गं?"

"असते की. बस, दाखवते."